नळदुर्गातली शेळी

दूध उतू गेलं, पातेलं जळलं, आणि अव्वा मला ओरडली नाही. एवढंच झालं होतं. पुण्यातल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात मोबाइल स्पीकरवर ठेवून मी तिच्याशी बोलत होते, करपल्याचा वास पार जिन्यापर्यंत गेला असेल, आणि मी सवयीनं मान खाली घालून उभी होते. इतक्या लांबून कोण बघतंय? पण अव्वा म्हणजे माझी आई, तिचं ओरडणं अंतर मानत नाही. ते पातेल्यापासून सुरू होतं, माझ्या झोपेवरून, नोकरीवरून, न झालेल्या लग्नावरून फिरतं आणि परत पातेल्यावर येऊन संपतं. मी तयार होते. पलीकडून एक मऊ, परका आवाज आला, "असू द्या. तुमच्या हातनं झालंय म्हंजे त्याच्यात बी कायतरी असंल. तुमी जेवलाव का?" मी मोबाइल उचलून बघितला. नाव अव्वाचंच होतं.

आधी मला हसू आलं. पण ते टिकलं नाही. ऑफिसात बसून मी तो मऊ आवाज आठवत होते. अव्वाचा आवाज मऊ असतो हेच मला माहीत नव्हतं. मुरुमला, म्हणजे आमच्या गावी, पेंडीचं दुकान पुढं आणि घर मागं. अव्वा मागून ओरडली की पुढं सरकीचं पोतं उचलणारा हमाल क्षणभर थांबायचा, गिऱ्हाईक हसायचं, आणि अप्पा पंख्याकडं बघत राहायचे. शाळेतून येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मला कळायचं की आज कशाबद्दल आहे. त्या आवाजापासून लांब जायचं म्हणून मी अभ्यास केला, पहिली आले, पुण्याला आले. आणि वसतिगृहात पहिल्या आठवड्यात ताट तसंच टाकून उठले तरी कुणी काही म्हणेना, तेव्हा माझं जेवणच तुटलं होतं. शेवटी तिला फोन करून सांगितलं की मी जेवत नाहीये. तिनं जे काही सुनावलं ते ऐकत ऐकत मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तिचं प्रेम त्याच वाटेनं यायचं, दुसरी वाट तिनं कधी बांधलीच नव्हती.

संध्याकाळी राजशेखरचा फोन आला. राजशेखर माझा धाकटा भाऊ, सोलापुरात असतो, आणि जगातल्या निम्म्या भानगडी तो हसत हसत करून ठेवतो. "ताई, तू मुरुमात देवी झालीस," तो म्हणाला आणि फिदीफिदी हसायला लागला. झालं होतं असं. शनिवारी आम्ही खेळतो. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतो, कागद-पेन्सिली, वीस बाजूंचे फासे, वेफर्सची पाकिटं. मी त्यात गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारी. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, आणि गोष्टीत भेटणारी उरलेली सगळी माणसं, भुतं, राजे, चोर, म्हाताऱ्या मी होते. त्या शनिवारी मी डोंगरावरची एक म्हातारी होते. केस मोकळे सोडले होते, डोळे मिटले होते, डोलत होते, आणि पोटातून घोगरा आवाज काढून म्हणत होते, "विचारा. मी खोटं सांगत नाही. पण घेतल्याशिवाय जाऊ देत नाही." समोर माझे चार मित्र हात जोडून बसले होते, कारण त्या क्षणी ते दमलेले वाटसरू होते. अर्पिता नावाच्या मैत्रिणीनं त्याचा व्हिडिओ काढला. मी तो राजशेखरला पाठवला, त्यानं घरच्या ग्रुपवर टाकला, खाली हसरे चेहरे टाकले. पुढं पुढं जाताना हसरे चेहरे गळून पडले आणि उमात्याच्या मोबाइलवर नुसती मी उरले, केस सोडून डोलणारी. उमात्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, शेजारच्याच गल्लीत राहते. तिनं तो व्हिडिओ डोक्याला लावला आणि मग अव्वाला दाखवला.

मी रजा टाकून निघाले. सोलापूर सोडल्यावर एसटीच्या खिडकीतून माळ दिसायला लागला, मग नळदुर्गचा काळा कोट, आणि मी मनातल्या मनात भाषण जुळवत होते. हा खेळ मी मुरुमात कुणालाही कधी समजावला नव्हता. 'शनिवारी काय करतीस?' या प्रश्नाला 'मैत्रिणींकडं जाते' एवढंच उत्तर होतं. लाज होती का? नाही. पण तो खेळ सांगायला गेलं की हातातून निसटतो, हे मला पुण्यातच कळलं होतं. मला स्वतःला कुठं आधी समजला होता? ऑफिसातली अर्पिता मला पहिल्यांदा घेऊन गेली तेव्हा मी भिंतीला टेकून बसले होते आणि हे लोक शहाणे आहेत की नाहीत याचा अंदाज घेत होते. मग कुणीतरी माझ्याकडं वळून विचारलं, "तू कोण आहेस?" मी म्हणाले, शिवप्रिया, कल्याणप्पांची मुलगी, मुरुम. ते म्हणाले, तसं नाही, इथं कोण आहेस? आणि मी, जिला हॉटेलात काय खायचं हेसुद्धा पटकन सांगता येत नाही, मी म्हणाले, "नावाडी. आणि मला पोहता येत नाही." सगळे हसले, आणि पुढं कितीतरी शनिवार मी नावाडी होते, पाण्याला भिणारी, तरी रोज नाव काढणारी. त्या काळात ऑफिसातही माझा आवाज सुटला. हे कसं सांगायचं? मुरुमच्या फाट्यावर उतरून वडापच्या जीपमध्ये चढले तरी भाषणाचं पहिलं वाक्य ठरलं नव्हतं.

दारात अव्वा तांब्या घेऊन उभी होती. पाय धुवायला पाणी मी स्वतः घेते, नेहमी घेते, आणि अंगणभर चिखल केला म्हणून बोलणी खाते. या वेळी ती माझ्या पायांवर वाकली. मी ओरडून मागं सरकले, तांब्या कलंडला, दोघी भिजलो. "अव्वा, काय करतीस!" मी म्हणाले. ती पदरानं माझे हात पुसत म्हणाली, "चुकलं माझं. तुमाला आवडत नसंल तर न्हाय करणार." मला रडावं की हसावं कळेना. घरात खुर्चीवर धुतलेली चादर टाकलेली. उमात्या नवं लुगडं नेसून बसलेली. अप्पा दुकानातून उठून आत आले, माझ्याकडं बघितलं, आणि तिच्याकडं बघून म्हणाले, "उमाक्का, आपण लिंगायत. आपला देव आपल्या गळ्यात हाय. अजून एक अंगात कशाला यील?" हे त्यांनी हळूच म्हटलं, कारण बाहेर गिऱ्हाईक होतं आणि गिऱ्हाईकही माझी चौकशी करूनच पेंड घेत होतं.

मी सगळ्यांना बसवलं आणि समजावायला घेतलं. "हा खेळ आहे," मी म्हणाले. अप्पांना खेळ हा शब्द बरा वाटला. ते पुढं सरकले, व्यापाऱ्याच्या सुरात चौकशी सुरू झाली.

"जिंकतं कोण?"

"कुणी नाही, अप्पा."

"मग हरतं कोण?"

"तसं कुणीच नाही."

"संपतो कवा?"

"संपत नाही. पुढच्या शनिवारी तिथूनच पुढं."

अप्पांनी चष्मा काढला. "जित न्हाय, हार न्हाय, शेवट न्हाय. मग हे करायचं कशाला?" उत्तर होतं, पण ते शनिवारी टेबलाभोवती बसल्यावर येतं, पुराव्यासारखं खिशातून काढून दाखवता येत नाही. मी म्हणाले, नाटकासारखं असतं. पण पाठ केलेलं नसतं. आणि बघायला कुणी नसतं. "मग नाटक कुणासाठी?" अप्पा म्हणाले. मी फाशांवर आले. समजा, मी म्हणाले, तुम्हाला भिंतीवरून उडी मारायची आहे, आता ती जमणार का नाही हे मी ठरवत नाही, तुम्हीही ठरवत नाही, फासा ठरवतो. तुळजापूरला चिंतामणीच्या दगडावर हात ठेवला की तो उजवीकडं नाहीतर डावीकडं फिरतो ना, तसंच. माझ्या तोंडून हे निघालं आणि मी जीभ चावली. उमात्यानं टाळी वाजवली. "म्हंजे कौलच की गं बाई! मी काय म्हणत होते?" अप्पांनी कपाळाला हात लावला. मी घाईघाईनं भातुकलीवर उडी मारली. लहानपणी आम्ही रिकाम्या कपातून चहा प्यायचो, तो गरम लागायचा, फुंकून प्यायचो. तसं, आत्या, अगदी तसं. हे मला स्वतःला फार आवडलं. आजवर मी शोधलेलं ते सगळ्यात चांगलं उत्तर होतं. अप्पा म्हणाले, "म्हंजे एवढी मोठी घोडी झालीस आन् भातुकली खेळतीस." मी आशेनं अव्वाकडं बघितलं. आता ती तरी सुरू होईल. ती हळूच म्हणाली, "खेळू द्या की त्यांना. त्यांचं त्यांना ठाऊक."

त्यानंतर मी तिची परीक्षा घ्यायला लागले. मला वाटतं त्या दोन-तीन दिवसांत मी जितकी वाईट वागले तितकी बारावीतही वागले नव्हते. ओला टॉवेल गादीवर टाकला. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसून नखं काढली, आमच्या घरात यापेक्षा मोठा गुन्हा नाही. ताटात भाकरी टाकून उठले. अव्वा टॉवेल उचलायची, नखं गोळा करायची, ताट घेऊन जायची. एकदा तर माझ्या उष्ट्या ताटातला भाकरीचा तुकडा तिनं कपाळाला लावून खाल्ला, आणि मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. ती मला बघत नव्हती. माझ्या जागी कुणीतरी बसलं होतं आणि ती त्याच्याशी अदबीनं बोलत होती. मी किती सांगितलं, अव्वा, ती मी होते, मी आवाज काढत होते. ती मान हलवायची. "ज्यांच्यात येतं त्यांना कळत नसतं," ती म्हणायची, मायेनं. माझी रजा संपत आली होती. अशीच परत गेले तर पुण्याला फोनवर जन्मभर तो मऊ आवाज येत राहील, मी काहीही जाळलं, फोडलं, हरवलं तरी, आणि मला आई उरणार नाही. हे इतकं उघड कळलं की मला भीती वाटली.

निघायच्या आदल्या दुपारी रेवणप्पाकाका नारळ घेऊन आले. रेवणप्पाकाका आमचे शेजारी, जन्मभर उमरग्याच्या डेपोत एसटी चालवली, आता एकटे असतात. एकटे म्हणजे ते आणि त्यांची शेळी. त्यांना शेळीच्याच दुधाचा चहा लागतो आणि तो पिताना ते शेळीला दिवसभराच्या बातम्या सांगतात. ती शेळी हरवली होती. (दुसऱ्या दिवशी ती आपल्या पायांनी परत आली, आणि मुरुमात तेही माझ्याच नावावर जमा झालं, पण तो विषय वेगळा.) त्यांनी नारळ माझ्यापुढं ठेवला, हात जोडले आणि म्हणाले, "माझी गंगी कुठं हाय तेवढं सांगा." उमात्या लगबगीनं उदबत्ती शोधायला उठली. मी 'मला काय माहीत' म्हणायला तोंड उघडलं, आणि काकांचा चेहरा बघून वेगळंच बोलले.

"काका, गंगी नळदुर्गच्या किल्ल्यात आहे."

काका ताडकन उठले. "दोनची गाडी हाय. आत्ता निघतो."

"थांबा, थांबा! खऱ्या नळदुर्गात नाही. खेळातल्या."

"खेळातल्या नळदुर्गाला कुठनं जायाचं?"

"इथूनच. बसा. आत्या, तुम्हीही बसा."

मी सतरंजी अंथरली. फासे पुण्याला राहिले होते. फडताळातल्या डब्यात पट खेळायचे फोडलेले चिंचोके होते, एका बाजूनं काळे, एका बाजूनं पांढरे, त्यातले पाच घेतले. पांढरे जास्त पडले तर जमलं, काळे जास्त पडले तर फसलं. नियम एवढाच. मी कुठं आहात ते सांगणार, तुम्ही काय करता ते सांगायचं. आता सांगा, काका, तुम्ही कोण? काकांनी विचारही केला नाही. "ड्रायव्हर." मी म्हणाले, काका, हा जुना काळ आहे, किल्ल्यात तोफा आहेत. "मग घोडागाडीचा ड्रायव्हर," ते म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांनी मांडी मोडून, लगाम धरल्यासारखे हात करून बैठक बदललीसुद्धा. आत्या कधीची विचार करत होती. "मी," ती म्हणाली, "सासू नसलेली सून."

"तिला काय येतं, आत्या?"

"समदं येतंय. कुणी शिकवाय बसलेलं न्हाय, म्हणून समदं येतंय."

मला इतका आनंद झाला की मी तिथंच तिच्या गालाचा मुका घेतला. पुण्यात लोक जाडजूड पुस्तकं वाचून येतात आणि तरी असलं पात्र आणत नाहीत. गाडी निघाली. काकांनी जळकोटच्या चढावर घोडे दमवले, चिंचोके टाकले, चार पांढरे, घोडे सुटले वाऱ्यासारखे. काका तोंडानं हॉर्न वाजवत होते. घोडागाडीला हॉर्न कसा, असं मी विचारलं नाही. किल्ल्याच्या दारावर पहारेकरी होता, म्हणजे मी होते, मिशा पिळत. आत जायचं तर या बाईच्या पाटल्या द्या, मी म्हणाले. आत्यानं खरोखर हात पुढं केला, मनगटाकडं बघत, डोळ्यांत पाणी. तेवढ्यात खुर्चीतून, वर्तमानपत्रामागून, आवाज आला, "येडे हाव का तुम्ही? पहिल्या दरालाच पाटल्या काढायच्या?" अप्पा पेपर घडी करून सतरंजीवर उतरले. ते कोण होते हे त्यांनी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. त्यांनी पहारेकऱ्याला बसवून घेतलं, त्याच्या गावची चौकशी केली, पाऊसपाण्याचं विचारलं, आणि शेवटी पहारेकऱ्यानं एका पान-सुपारीवर दार उघडलं, वर कंदीलही दिला. चिंचोके टाकायची गरजच पडली नाही. अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की हा काय मोठा खेळ आहे, हे मी रोजच करतो. हसू मात्र त्यांना आवरत नव्हतं.

अव्वा स्वयंपाकघराच्या दाराशी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी खेळत होते तरी माझं सगळं लक्ष तिच्याकडं होतं. शेंगा सोलायचा हात मधेच थांबायचा, मग परत चालायचा. "अव्वा," मी म्हणाले, "तू कोण?" ती गडबडली. "मी? मी हाय की हितंच." खेळात, अव्वा. "खेळात बी हितंच. तुमाला समद्यांना चहा लागला तर?" मग रेवणप्पाकाकांनी लगाम खेचून गाडी थांबवली आणि मागं वळून म्हणाले, "चन्नम्मावैनी, बसा गाडीत. वाटंत चहा कोण करणार?" अव्वानं इकडंतिकडं बघितलं, सूप उचललं, आणि येऊन सतरंजीच्या कडेवर बसली. शेंगा सोलतच होती. पण गाडीत होती.

आम्ही बुरूज चढलो, बोरी नदीचं पाणी खाली घोंघावत होतं ते ऐकलं, आत्यानं अंधारात एक दार लाथेनं उघडलं. आणि आतल्या दालनात गंगी बांधलेली होती, आणि तिच्या शेजारी एक म्हातारी बसली होती. ती म्हातारी तिथं असणार हे मला सतरंजी अंथरली तेव्हापासून ठाऊक होतं. तिचा आवाज काढायचा का नाही, हे मात्र त्या क्षणापर्यंत ठरलं नव्हतं. दुसरा काढता आला असता, किनरा, बोबडा, हसवणारा. पण मग व्हिडिओतला तो आवाज कायमचा तसाच राहिला असता, माझ्या आणि अव्वाच्या मधे, कुणाचा कोण जाणे. तो माझा आहे हे तिला सांगून कळत नव्हतं. तो तिच्यासमोर काढायलाच हवा होता, मग काय व्हायचं ते होवो. मी डोळे मिटले, केसांचा क्लिप काढला, आणि पोटातून, घोगरं, म्हणाले, "आलात? बसा. घेतल्याशिवाय मी कुणाला जाऊ देत नाही."

मी किलकिल्या डोळ्यांनी बघितलं. आत्यानं पदर डोक्यावरून पुढं ओढला होता. काकांचे लगाम सुटले होते आणि हात जोडले गेले होते. अप्पासुद्धा सरळ बसले होते. अव्वाच्या हातात सोललेली अर्धी शेंग तशीच होती, आणि ती माझ्याकडं त्याच मऊ, लांबच्या नजरेनं बघत होती. संपलं, मला वाटलं, खेळ संपला, आता नारळ फुटणार. काकांनी चिंचोके टाकले, गंगीचा दोर सोडायला. पाचही काळे. आणि माझ्या तोंडून, मी काही ठरवलं नव्हतं, खेळात असंच होतं, म्हातारीला जे हवं असतं ते तीच मागते, माझ्या तोंडून निघालं, "मला भूक लागलीय. ही शेळी कापून द्या मला."

काकांचे डोळे भरून आले. "घे, आई," ते म्हणाले. "तुझीच हाय."

"दिऊन टाका," आत्या पदरातून कुजबुजली. "मागितल्यावर न्हाय म्हणू नये."

अप्पा काहीतरी म्हणायला गेले. त्याआधी सूप आदळलं. शेंगा सतरंजीभर उडाल्या.

"शिवे!" अव्वा ओरडली. "लाज हाय का गं तुला? लिंगायताच्या घरात बसून शेळी कापून मागतीस? कुणी शिकवलं तुला हे, आँ? आन् तुमी वो रेवणप्पाभावजी, घे म्हणून काय सांगतायसा? लेकरावानी पाळली आन् घे म्हणे! उमाक्का, तुम्ही बी! कुणाची शेळी कुणाला द्यायलाव?" ती उठून उभी राहिली होती, एक हात कमरेवर, आणि पुढं दुकानात कुणीतरी पोतं खाली ठेवल्याचा आवाज आला. "आन् आवाज काढून कुणाला भिववतीस गं? तिसरीत गणिताच्या पेपराला पोटात दुखतंय म्हणून ह्योच आवाज काढत होतीस. मला कळत न्हाय व्हय? चार दिस झालं बघायली मी. बसायची रीत न्हाय, उठायची रीत न्हाय, अन्नाला किंमत न्हाय. मी गप बसली तर डोक्यावर चढून बसलीस! सोड. सोड म्हणते त्या शेळीला आधी!"

"चन्नम्मा, चिंचोके टाकावं लागतेत," अप्पा हळूच म्हणाले.

"चुलीत घाला तुमचं चिंचोकं!"

काकांनी डोळे पुसले आणि ते तोंड उघडं ठेवून तिच्याकडं बघत राहिले. आत्याचा पदर मागं सरकला होता, ती हसायला लागली होती. अव्वा थांबली नव्हती. ती शेळीवरून पुण्यावर गेली, पुण्यावरून माझ्या मोकळ्या केसांवर, केसांवरून आमच्या अख्ख्या खानदानावर. तो आवाज माझ्या डोक्यावर पडत होता, खांद्यावर, पाठीवर, गल्लीच्या तोंडापर्यंत जात होता, आणि माझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चिंचोके काही म्हणोत, म्हातारी कधीच हरली होती. शेळी सोडायची, केस बांधायचे आणि हसत उठायचं, एवढंच उरलं होतं. पण मग अव्वा थांबली असती. मी डोळे उघडले नाहीत. पोटातून, घोगरा, होता नव्हता तेवढा हट्ट गोळा केला आणि म्हणाले, "शेळीच पाहिजे."